टोळ फेकला नि केंड आणला

वहिनी, जरा कुंपणाशी या. ओरडून सांगण्यासारखं नाही, माई घरातच आहेत. गोधडी तिथंच टाका वाळत. चार महिने झडीत कुबट झालेल्या गोधड्या काही तासाभराच्या उन्हानं सुटत नाहीत. रविवारी तुम्ही वाईला होतात, नाहीतर आवाज तुमच्यापर्यंत आलाच असता. रात्री दहा वाजता माईंच्या स्वयंपाकघरात जे महाभारत झालं ते मी आमच्या खिडकीतून ऐकलं. मुद्दाम नाही हो! वास आला म्हणून खिडकी लावायला गेले आणि मग तिथंच राहिले उभी.

जावई. दुसरं कोण असणार?

त्यांना गळाचा नाद लागलाय, हे मी तुम्हाला गणपतीत सांगितलं होतं. साधा गळ नव्हे. धोमच्या पाण्यावर पोरं बांबूच्या काठीला दोरा बांधून, गांडूळ लावून बसतात तसलं काही मनात आणू नका. यांची काठी तीन तुकड्यांत उघडते, रीळ जपानी, आणि गळाला लावायचा मासा प्लॅस्टिकचा, डोळे रंगवलेला. माईंनी त्या एका खोट्या माशाची किंमत विचारली आणि मग बराच वेळ गप्प राहिल्या. "तेवढ्यात आमच्या हर्णैला पाटीभर बांगडो येतो गो," एवढंच म्हणाल्या. त्यांचं माहेर हर्णै. लग्न होऊन या डोंगरावर आल्या त्याला जमाना झाला, पण तोंडातला 'गो' गेला नाही, आणि पोलादपूरकडून येणाऱ्या मासेवाल्याचा भोंगा वाजला की हातातलं टाकून धावतात.

तर कोजागरी झाली आणि जावईबापू निघाले. महाबळेश्वरावरून आंबेनळीचा घाट उतरायचा, पोलादपूर, खेड, दापोली, की हर्णै. माई सांगत होत्या, पौर्णिमेचं उधाण आहे, खडपावर उभं राहू नका, अष्टमीच्या भांगेला जा, पाणी निवांत असतं. पण सासूनं भरती-ओहोटी शिकवायची म्हणजे काय! "मोबाइलवर तक्ता आहे," म्हणाले. बरं, पाय घसरला नाही हे नशीब. परत आले रविवारी रात्री, डिकीत थर्माकोलची पेटी, पेटीत बर्फ, बर्फात मासा.

एक. हो, एकच. आता हसू नका, पुढं ऐका.

मासा दिसायला असा की कुणाचाही जीव जावा त्याच्यावर. म्हणजे आवडीनं म्हणतेय मी. चांगला दीड वीत, गुबगुबीत, पाठ हिरवट करडी, बाजूनं चांदीचा पट्टा, पोट पांढरं शुभ्र. खवलं काढायची कटकट नाही, कारण खवलं नाहीतच. आपल्यासारख्या घाटावरच्या बाईला मासा म्हणजे मरळ, वाम, फार तर कटला. मला तर तो पापलेटाचा थोरला भाऊच वाटला. जावयांनी फोनवर फोटो काढून कसल्याशा ॲपला विचारलं होतं. मासा पेटीत, निम्मं डोकं बर्फाखाली, वरून पिवळा दिवा. ॲपनं सांगितलं, बोय. आता बोय म्हटल्यावर कुणाची हरकत असणार? लेकीनं कांदा चिरायला घेतला, आलं-लसूण वाटलं.

माई पूजेच्या खोलीतून आल्या आणि पाटावर नजर टाकून तिथंच थांबल्या. मग त्यांनी काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. मासा उताणा केला. पोटाखाली जिथं पराची जोडी असते तिथं अंगठा फिरवला. तिथं काही नव्हतं. मग ओठ मागं सारला. तोंड एवढंसं, आणि आत दात वर दोन, खाली दोन, मधे उभी फट. बस्स. पोटावरून उलटा हात फिरवला तर बारीक काटे टोचले, ते लेकीलाही दाखवले. आणि म्हणाल्या, "केंड हा. विळी धू. पाट धू. हात साबणानं धू, दोनदा."

आता जावई म्हणजे शिकलेले. त्यांनी लगेच फोनवर शोधलं, आणि शोधल्यावर सगळ्यांना आनंदानं सांगितलं की जपानमध्ये याला फुगू म्हणतात आणि तिथं तो हजारो रुपये मोजून खातात. "कातडं आणि पोटातलं काढून टाकलं की झालं," म्हणाले. माईंचा आवाज मी एवढा चढलेला कधी ऐकला नव्हता, वहिनी. "मग जपानात जाऊन खा. माझ्या तव्यावर नाही. माझी पोर विधवा व्हायची नाही, आणि मीही ताटावर मरायची नाही."

लेक रडायला लागली. जावई गाडीची किल्ली घेऊन अंगणात. नातू बिचारा विचारतोय, आजी, मग आपण काय जेवायचं? शेवटी पिठलं टाकलं. आणि त्या माशाचं काय, तर माईंनी रात्रीच टॉर्च लावून लिंबाच्या झाडाखाली हातभर खड्डा खणून पुरला. वर दगड ठेवलाय. कुत्र्या-मांजरांनी उकरू नये म्हणून.

छे, नुसता वहम नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या बंगल्यातले सर आले होते ना, बोर्डिंगमध्ये जीवशास्त्र शिकवायचे ते, त्यांनी सगळं समजावून सांगितलं. केंडाचं विष त्याच्या काळजात, गाबोळीत, कातड्यात, आतड्यात साठतं. काही जातींच्या मांसातही असतं. शिजवून जात नाही, तळून जात नाही. आणि ते विष त्याचं स्वतःचंही नाही म्हणे, कसले जंतू तयार करतात आणि खाण्यातून ते त्याच्या अंगात जमतं. माणसाला काय होतं? आधी ओठांना आणि जिभेला मुंग्या, मग हातपाय लुळे, मग छातीचे स्नायू थांबतात. माणूस शुद्धीवर असतो, बोलता येत नाही. उतारा नाही त्याला. श्वासाच्या यंत्रावर ठेवून विष उतरायची वाट बघायची, एवढंच. आता विचार करा, रात्री बाराला पसरणीचा घाट उतरून न्यायचं कुठं, कुणी गाडी चालवायची!

आणि जपानचं म्हणाल तर तिथं फुगू कापायचा परवाना लागतो, परीक्षा द्यावी लागते. तरी माणसं मेलीत. बांडो मित्सुगोरो म्हणून काबुकीतला फार मोठा नट होता, तो १९७५ साली क्योतोत फुगूचं काळीज खाऊन गेला. एक नाही, चार जणांचं वाढप खाल्लं म्हणे. पुढं तिथल्या सरकारनं काळीज विकायलाच बंदी केली. माईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "नटांना अंगात यायला वेळ लागत नाही."

पण खरी गंमत वेगळीच आहे. ती मला लेकीनं सांगितली, दळण टाकायला गेलो होतो तेव्हा. शनिवारी जावयांना दोन मासे मिळाले होते! पहिला त्यांनी खडपावरच टाकून दिला. फोटो आहे फोनमध्ये. लांबट, अंगानं निमुळता, पुढं लांबलचक चोच, चोचीत दात. माईंनी फोटो पाहिला आणि कपाळावर हात मारला. "टोळ गो! एवढा मोठा टोळ! का टाकला?"

तर का? त्यांनी चाकूनं थोडा कापून पाहिला आणि आतला काटा हिरवा निघाला. हिरवागार. त्यांना वाटलं, सडलाय, नाहीतर समुद्रात कसलं रसायन सोडलंय. अहो, टोळाचा काटा हिरवाच असतो. सर म्हणाले, पित्तात जो हिरवा रंग असतो तोच त्याच्या हाडांत उतरतो, खायला काही अपाय नाही. हर्णैच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं ते. म्हणजे बघा, हाड हिरवं म्हणून खायचा मासा कावळ्यांना घातला आणि पोट गोरं म्हणून विषारी मासा बर्फात जपून सासूला भेट आणला! माईंना केंडाचा राग नाही आता. टोळ गेला, हे त्यांच्या मनातून जात नाही. कालपासून चार वेळा तरी काढलं असेल.

थांबा, दूध बघून आलात का? बरं, या.

सर कशाला आले होते म्हणता? त्यांना कुणीतरी सांगितलं असेल. मीच सांगितलं, पण ते जाऊ द्या. ते आले ते कुकची गोष्ट घेऊनच. कॅप्टन कुक हो, ऑस्ट्रेलियाला गेलेला. तो १७७४ च्या सप्टेंबरात न्यू कॅलेडोनिया बेटापाशी जहाज लावून होता. त्याच्या कारकुनानं तिथल्या माणसाकडून एक ताजा मासा विकत घेतला. जहाजावर फोर्स्टर आडनावाचे बापलेक होते, निसर्गाचा अभ्यास करायला बरोबर घेतलेले. नवा मासा दिसल्यावर ते काय सोडतात! एक लिहितोय, एक चित्र काढतोय. त्यात इतका वेळ गेला की मासा शिजवायला मिळालाच नाही, नुसतं काळीज आणि गाबोळी तेवढी शिजली, आणि तिघांनी त्याची जराशी चव घेतली. पहाटे तीन-चारला हातापायांतलं बळच गेलं. पाण्यानं भरलेलं भांडं आणि पक्ष्याचं पीस, हातात दोन्ही सारखंच लागत होतं, असं कुकनं स्वतः रोजनिशीत लिहून ठेवलंय. ओकाऱ्या काढून वाचले. आतडी खाल्लेलं जहाजावरचं एक डुक्कर सकाळी मेलेलं सापडलं.

आणि पुढचं ऐका. सकाळी बेटावरचे लोक जहाजावर आले, टांगलेला मासा पाहिला आणि हातवारे करून सांगायला लागले, अहो हा खायचा नसतो! आदल्या दिवशी विकताना त्यांतला एकही बोलला नव्हता. वाईच्या बाजारात आपल्याला आंबट द्राक्षं देतात ते तरी बरे.

मला त्यात आवडलं ते हे की चित्र काढायला बसले म्हणून वाचले. भूक लागलेली असताना मासा हातात धरून त्याचे पर मोजत बसायला कुणाला सुचतं?

जावयांना हे पटलं, निदान तसं तोंड तरी केलं. मग सरांनी त्यांची शिकवणीच घेतली. फोटो कसा काढायचा, तर मासा ओल्या फळीवर आडवा, डोकं डावीकडं. पर मिटलेले नकोत, उघडून ताणायचे, पाठीवरच्या परातले काटे मोजता आले पाहिजेत. शेजारी पट्टी, नाहीतर काडेपेटी, म्हणजे लांबी कळते. एक फोटो तोंड उघडून, एक पोटाकडून. आणि पाण्यातून काढल्या काढल्या, कारण मेल्यावर रंग उतरतो. समुद्रात सोनेरी-हिरवा दिसलेला मासा घरी येईपर्यंत राखाडी होतो आणि मग पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाही. कुठल्या खडपावर, भरतीला की ओहोटीला, कोळंबीला आला की खोट्या माशाला, हेही लिहून ठेवायचं. "तुमच्या फोटोत मासा कमी आणि तुम्ही जास्त," सर म्हणाले. खरंय ते. मी पाहिलेत. काळा चष्मा, टोपी, आणि मासा कॅमेऱ्याकडं पुढं धरलेला, म्हणजे मोठा दिसावा म्हणून.

एवढं करून नाही कळलं तर विचारायला माणसं आहेत. रत्नागिरीत झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाचं समुद्री संशोधन केंद्र आहे. सहलीला गेलो होतो तेव्हा देवमाशाचा सांगाडा नाही का पाहिला, तेच. शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. अशा ठिकाणी नवीन काही आलं तर त्यांनाही हवंच असतं म्हणे, कारण जाळ्यात येतो त्याची नोंद होते, पण खडपात दडून बसणारा मासा जाळ्यात येतच नाही, तो गळालाच येतो.

माईंना सगळं कळतं असंही नाही हं. जावयांच्या फोनमध्ये मागच्या खेपेचा एक मासा निघाला, निळसर काळा, शेपटीची दोन टोकं लांब, आणि दात लाल. माईंनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिला, आणि सरळ सांगितलं, हा मी लहानपणी पाहिलेला नाही. भावाला फोन लावला. भाऊ म्हणाला, हल्ली येतो हा झुंडीनं, जाळं भरतं पण गिऱ्हाईक नाही. सरांनी इंग्रजी नाव सांगितलं, रेड टूथ्ड ट्रिगरफिश. कारवारच्या बाजूला त्याला कारगिल म्हणतात. त्याच्या पाठीवरचा पहिला काटा एकदा उभा राहिला की कितीही दाबा, वाकत नाही. त्याच्या मागचा छोटा काटा दाबला की पहिला आपोआप खाली बसतो. खडकाच्या फटीत शिरून तो काटा उभा केला की मोठ्या माशालाही ओढून काढता येत नाही. नातवाला हे इतकं आवडलं की काल दिवसभर तो पलंगाखाली शिरून बसला होता आणि 'मला ओढा' म्हणत होता.

नाही, पाकट वेगळा. पाकट चपटा, शेपटीवर विषारी काटा. २०१३ च्या गणपतीत गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला पाण्यात उतरलेल्या किती लोकांच्या पायाला तो लागला होता, टीव्हीवर दाखवत होते, आठवतं? माई म्हणतात, वाळूवर पाय उचलून टाकायचाच नाही, घासत घासत चालायचं, म्हणजे चाहूल लागून तो आधीच निघून जातो. आणि लागलाच तर पाय सोसेल तेवढ्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. सर म्हणाले, शास्त्रही तेच सांगतं, त्या विषाला उष्णता सोसत नाही. बघा, एकाचं विष गरम पाण्यानं मरतं आणि केंडाचं उकळूनही मरत नाही. म्हणून तर आधी कोण ते कळायला हवं.

जावयांना मुळात हा नाद कशानं लागला माहितीय? घोळ माशानं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पालघरकडं मुरब्याच्या एका बोटीला बंदी उठल्यावर पहिल्याच फेरीत दीडशेवर घोळ मिळाले आणि त्यांचे एक कोटी तेहेतीस लाख आले. पेपरात आलं होतं. त्याच्या पोटात जी हवेची पिशवी असते, कोळी तिला बोत म्हणतात, तिला परदेशात सोन्याचा भाव. हे वाचलं आणि यांनी काठी घेतली. माईंनी विचारलं, घोळ दिसतो कसा, सांगा बघू? गप्प. उद्या खरंच घोळ लागला तर हिरवा काटा शोधत बसतील आणि पाण्यात सोडतील.

सोडायचेही मासे असतात, तो भाग वेगळा. व्हेल शार्क, करवतमासा हे वाघाच्या बरोबरीनं कायद्यात आहेत, २००१ पासून. जाळ्यात आला तर जाळं कापून सोडायचा, आणि जाळ्याची भरपाई सरकार देतं, पंचवीस हजारांपर्यंत, २०१८ च्या शेवटाला ती योजना आली. गळाला करवतमासा कुठून लागायला! पण जावयांनी वहीत लिहून घेतलं. भरपाईत प्लॅस्टिकचा मासा धरतात का, तेही विचारलं.

अहो, ओळखीचा गोंधळ काय त्यांच्यापुरताच आहे? आपलं पापलेट घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं त्याला राज्यमासा केलं. आणि इतकी वर्षं पुस्तकांत त्याचं जे शास्त्रीय नाव छापायचे, तो मासा जनुकं तपासल्यावर पार पूर्वेकडच्या समुद्रातला निघाला. आपल्याकडचा वेगळा, त्याला जुनंच एक दुसरं नाव परत द्यावं लागलं. ताटात पडलेल्याला काय फरक पडतो म्हणा. तरी मला बरं वाटलं. शास्त्रज्ञही चुकले की आपल्यालाही जरा धीर येतो.

आणि आपल्या कृष्णेचं काय सांगितलं सरांनी! साइक्स नावाचा एक इंग्रज अधिकारी, एल्फिन्स्टननं त्याला १८२४ साली दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमला. शेती, पाऊस, माणसं, सगळं मोजायचं काम. त्यानं भीमेच्या खोऱ्यातले मासेही गोळा केले आणि १८३८ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढं मांडले. नवी नावं द्यायची वेळ आली तेव्हा त्यानं बरीचशी इथल्या लोकांच्या तोंडचीच घेतली. शिंगाळा, घोगरा, खुदरी, नुक्ता. आजही लॅटिन नावात तीच आहेत, लंडनमध्ये काय नि अमेरिकेत काय, घोगऱ्याला घोगराच म्हणावं लागतं. नुक्ता म्हणजे नाकाडावर खाच आणि पुढं आलेला उंचवटा असलेला, आपल्याच कृष्णेच्या खोऱ्यातला मासा. आता फार क्वचित मिळतो. पुण्याच्या अभ्यासकांनी वाईजवळच्या कृष्णेतले मासे नोंदवून २०१२ साली छापलेत, पन्नासेक जाती. तुमच्या माहेरच्या घाटाखाली पन्नास प्रकारचे मासे, आणि तुम्हाला नावं येतात किती? मला चार येतात. मरळ, वाम, कटला, आणि चिलापी. त्यांतली चिलापी बाहेरची. कटलाही आणून सोडलेला. म्हणजे आपले दोनच.

बाहेरच्यावरून आठवलं, आणि हे मात्र कुणाला सांगू नका. त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या काचेच्या पेट्या रिकाम्या झाल्यात, पाहिलंत? मासे कुठं गेले? आमच्याकडं काम करणारी म्हणते, बादलीत भरून ओढ्यात सोडले. पुण्य म्हणून! त्यांत तो काळा, खवले कडक, काच चाटून साफ करणारा मासा होता. सकर म्हणतात, कुणी हेलिकॉप्टर म्हणतात. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. उजनीत त्यानं उच्छाद मांडलाय. जाळ्यात अडकला की काट्यांनी जाळं फाटतं, विकायला नेला तर कुणी घेत नाही. आपला ओढा खाली कृष्णेलाच जातो ना? सरांना मी सांगितलंय. ते म्हणाले, जाऊन बोलतो. अजून गेलेले दिसत नाहीत, पण जातील. तुम्ही गेलात तर बरं, तुमचं नि त्यांचं जमतं.

तर आता ठरलंय असं. पुढच्या महिन्यात जावई पुन्हा हर्णैला. पण या खेपेला काठी गाडीतच ठेवायची आणि पहिल्या संध्याकाळी बंदरावर लिलावाला उभं राहायचं. होड्या लागल्या की वाळूवरच लिलाव होतो तिथं, माशांचे ढीग मांडलेले. माईंची वहिनी बरोबर राहणार. एकेका ढिगापाशी थांबायचं, नाव विचारायचं, तोंड बघायचं, शेपटी बघायची, आणि मुख्य म्हणजे कोळणी कुठला मासा ढिगातून वेचून लांब भिरकावतात ते बघायचं. केंड पाटीत राहतच नाही, माई म्हणाल्या, वेचतानाच बाजूला जातो. मेलेला केंड वाळूवर पडलेला असतो आणि कावळासुद्धा जपून असतो. कावळ्याचं मला काही पटलं नाही, पण माईंपुढं बोलायचं कोण.

जावई हो म्हणालेत. लेक म्हणते, हो म्हणाले पण लगेच मोबाइलवर नवीन काठी बघत होते.

आणि आज सकाळची गोष्ट राहिलीच की! सर पुन्हा आले, हातात काचेची बरणी आणि कुदळ. म्हणाले, बोर्डिंगच्या प्रयोगशाळेत केंड नाही, खरा केंड मुलांना दाखवायला मिळत नाही या डोंगरावर, फॉर्मॅलिन मी आणतो, तुम्ही फक्त जागा दाखवा. माई लिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसल्या. तिथून हलेनात. म्हणाल्या, "तीन दिवस झाले त्याला पुरून. आता तुम्हाला केंड नाही, वास मिळेल. दात मोजायचेत ना? फोटोत मोजा."

"फोटोत तोंड मिटलेलं आहे हो," सर म्हणाले.

अजून तिथंच उभे आहेत बघा, बरणी घेऊन. दिसले का?